माझा बोलका देक्सीलास

माझा धाकटा भाऊ देक्सीलास म्हणजे अखंड बडबड. दोर वळायचा धंदा, आणि ऐकायला कुणी नसलं की दोराशीच गप्पा! अशा माणसाला पायथागोरस गुरूंच्या पंथात यायची हौस. मी आधीपासून पंथातच. गुरूंना आम्ही कुणी पाहिलेलं नव्हतं. आम्हाला शिकवणारे तिमोक्लेस म्हणजे त्यांच्या शिष्याचे शिष्य. पण त्यांनी "गुरूंनीच सांगितलंय" म्हटलं की वाद मिटायचा.

नव्या माणसानं पाच वर्षं पडद्याआड बसून नुसतं ऐकायचं, घरीदारी तोंड उघडायचं नाही. पठ्ठ्यानं चार वर्षं काढली! घरी हातवारे करून तिमोक्लेसची अशी नक्कल करायचा की हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. फार सुखाचे दिवस होते हो ते. मग एका सकाळी तिमोक्लेस वीणेची तार बरोबर मध्यावर दाबून सूर दाखवत होते, आणि पडद्याआडून आवाज आला, "अहाहा! परत एकदा वाजवा ना!"

झालं! पंथातून गेला तो पंथाला मेला. पंथात येताना त्यानं आणून दिलेलं सगळं धन दुप्पट करून परत दिलं, आणि वेशीबाहेर त्याच्या नावाचा थडग्याचा दगड उभा केला. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. मीसुद्धा नाही.

हा त्याच दगडाला टेकून पावटे खात बसायचा. आम्हाला पावटे वर्ज्य! "काय ताई, देऊ का मूठभर?" मी हसू दाबत पुढं जायची. वाटायचं, आज ना उद्या तिमोक्लेस विरघळतील.

पुढं गाव आमच्यावर उठलं. आम्ही आत असतानाच पंथाचं सभाघर पेटवलं. मला ओढून बाहेर काढलं ते देक्सीलासनं. त्यात त्याचे दोन्ही हात भाजले. इथं आता राहण्यात अर्थ नाही म्हणून तो सिसिलीला निघाला. गलबतात चढताना म्हणाला, "ताई, एकदा नुसतं 'नीट जा' म्हण ना गं."

मी शेजारी उभ्या तिमोक्लेसकडे पाहिलं.

"गुरूंनीच सांगितलंय, मेलिते," ते म्हणाले.

मी गप्प राहिले. ते गलबत सिसिलीला पोचलंच नाही.

आता तारास नावाच्या परक्या गावात आम्ही पंथातले उरलेसुरले चौघं. परवा तिमोक्लेसना विचारलं, "पंथातून गेलेल्याशी बोलायचं नाही, हे गुरूंनी नक्की कुणाला सांगितलं होतं हो?"

म्हातारा गुडघे चोळू लागला. "मला माझ्या गुरूंनी सांगितलं. त्यांना कुणी, ते मी कधी विचारलंच नाही गं."

असं खेकसावंसं वाटलं त्यांच्यावर! पण त्या दिवशी धक्क्यावर मी तरी कुठं विचारलं होतं?