लिफ्ट किट आणि ताईची फळी

माझ्या ताईला सगळा एरिया खरकटेवाली म्हणतो. म्हणू दे, कामच ते आहे. हॉटेलांच्या मागच्या दारातून खरकट्याची पिंपं उचलायची, पिकअपमध्ये चढवायची आणि गावाबाहेर डुकरांच्या फार्मवर नेऊन ओतायची. आमची गाडी दिसली की लोक नाकाला रुमाल लावतात. हेच लोक आदल्या रात्री त्याच हॉटेलात पुढच्या दारानं जाऊन अर्धं ताट तसंच टाकून आलेले असतात. उष्टं त्यांचं आणि वास म्हणे आमचा!

मी तिची धाकटी बहीण. शाळा नववीत सोडली, शाळेलाही बरंच वाटलं असेल. तेव्हापासून ताईकडेच राहते आणि तिच्याबरोबर गाडीवर जाते. खरकट्याची किळस मला पहिल्या आठवड्यातच गेली. माणसांची मात्र वाढतच चाललीये, आणि त्यात पहिला नंबर आमच्या दाजींचा.

ताई बुटकी आहे. गाडीशेजारी उभी राहिली तर तिचा अंबाडा आरशाच्या खाली राहतो. पण उजवा खांदा बघाल तर पैलवानाचा. पिंपं ढकलून ढकलून तो डाव्यापेक्षा जाड झालाय, त्यामुळे तिचे सगळे ब्लाऊज एका बाजूला उसवतात. तोंडानं गोड, पण नजर घारीची. पिंपात चमचा गेला असेल तर तो काढणार, धुणार आणि दुसऱ्या दिवशी हॉटेलात परत देणार. एकदा तर दातांची कवळी सापडली. ताईनं तीन हॉटेलं फिरून त्या आजोबांना गाठलं. आजोबांनी ती खिशातल्या रुमालाला पुसली आणि तिथंच तोंडात बसवली. मला ओकारी आली. ताई म्हणाली, "त्यांचीच आहे ना? मग तुझं काय जातंय?"

अशी बाई. घरी आली की मागच्या नळावर आधी साबण, मग लिंबाची सालं, मग परत साबण. एवढं करूनही दाजींनी स्वतःसाठी वेगळी गादी आणली. एकट्याची. ते गाद्यांच्या दुकानात सेल्समन आहेत, दिवसभर गिऱ्हाइकासमोर गादीवर बसून उसळून दाखवतात. घरभाडं ताईच्या कमाईतून जातं, दाजींचे इस्त्रीचे शर्टही. पण झोपायचं लांब. मी यावर बोलले की ताई म्हणते, "माणूस वाईट नाही गं. नाक मोठंय, एवढंच."

जुनी पिकअप रडतखडत शेवटी बंदच पडली, म्हणून ताईनं नवी घेतली. पैसे तिचे, कागदावर नाव तिचं, पण पसंती दाजींची. बघायला गेलो तर हे सीटवर बसून तीनदा उसळले. मग मागे जाऊन हौद्यावर दोन्ही तळहात ठेवून दाबलं आणि म्हणाले, "बघ, कशी मऊ दबते! हीच घ्यायची."

"दाजी, गाडी घेताय की डबल बेड?" मी म्हटलं. ताईनं मला चिमटा काढला आणि तीच गाडी घेतली.

गाडीचं एकच दुखणं निघालं. फार्मच्या फाटकाआधी रस्त्यातच खडकाचा उंचवटा आहे. जुनी त्यावरून निवांत जायची. नवीचं पोट घासायला लागलं. खर्रर्र! तो आवाज आला की ताई असे डोळे मिटायची, जसा काही तिच्याच पाठीवरून खिळा ओढलाय. शेवटी जेवताना ती बोलून गेली, "गाडी जरा उचलून घ्यायला हवी."

झालं. दाजींना तेवढंच पाहिजे होतं. भाताचा हात तसाच ठेवून डाव्या हातानं मोबाईल काढला. त्यावर एक पिकअप उंटासारखी उभी, खालून माणूस वाकून जाईल एवढी जागा.

"लिफ्ट किट म्हणतात याला. दोन इंचाचं येतं, चारचं येतं, सहाचं येतं. आपण सहाचं घ्यायचं."

"मला उंच गाडी नकोय हो," ताई म्हणाली. "फाटकात घासू नये आणि पिंप मला चढवता यावं. बाकी काही बघू नका."

"अगं, दोन इंच म्हणजे टाचा उचलून उभं राहण्यातला प्रकार. लोकांना कळलं तर पाहिजे!"

"काय कळलं पाहिजे?" मी विचारलं.

"आपली गाडी आलीये ते."

"ते वासानं कळतंय की."

दाजींनी ताट पुढे सारलं. "हिला जेवताना तरी गप्प बसव गं."

आता ताईचं तंत्र सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सगळा खेळ एका फळीवर आहे. हौद्याचा मागचा फाळका पाडायचा, फळी जमिनीवरून हौद्याला टेकवायची, मी वर उभी राहून दोरी ओढणार, ताई खालून खांदा लावणार. त्या फळीत इतक्या वर्षांचं तेल मुरलंय की पिंप साबणावरून सरकल्यासारखं वर जातं. गाडी उंच झाली की फळी उभी होणार आणि पिंप उलटं ताईच्या अंगावर येणार, हे माझ्यासारख्या नववी नापासालाही कळतं. लांब फळी आणायची म्हटलं तर हॉटेलांच्या मागच्या बोळांत ती मावत नाही. गाडी लावल्यावर भिंतीपर्यंत जागाच केवढी उरते!

तरी दाजींनी दोन दिवसांनी फोन केला. आम्ही हॉटेलं संपवून फार्मकडे निघालो होतो, मागे भरलेली पिंपं. "तशाच या," म्हणाले, "मी दुकानात आहे, पसंत करून टाकू."

दुकान गाड्यांच्या सजावटीचं. काचेचे दरवाजे, पांढरी फरशी, भिंतीवर चाकांच्या रिमा टांगलेल्या. मालक दुकानातसुद्धा काळा गॉगल लावून बसलेला, म्हणून मी त्याचं नाव गॉगलच ठेवलं. दारात नमुन्याची एक पिकअप उभी होती, सहा इंचाचं किट घातलेली. आमची तिच्याशेजारी लावली तर म्हशीजवळ रेडकू.

गॉगलनं आधी आमच्या हौद्याकडे बघितलं, मग नाक दाबून बोलायला लागला. "वहिनी, हे घ्या. पुढं मागं सगळं नवीन येतं. शॉकअप नवे, स्प्रिंगचे पाटे नवे. रस्त्यावर तुम्ही राणी!"

"राणीला पिंप चढवायचंय," ताई म्हणाली. "यात चढतंय का ते बघू?"

"आत्ता? इथं?"

"मग काय घरी नेऊन बघू?"

गॉगल दाजींकडे बघायला लागला. दाजी हसत म्हणाले, "बघू दे हो तिला. म्हणजे खात्री पटेल." तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं, हा माणूस एवढा खुशीत का आहे ते.

आम्ही आमच्या गाडीतून एक पिंप उतरवलं. माशांच्या हॉटेलचं, त्यातल्या त्यात पातळ. फळी त्या उंटाला टेकवली. ती घसरगुंडीसारखी उभी राहिली. मी वर चढले, तेही चाकावर पाय देऊन, आणि दोरी धरली. "ताई, नको," मी म्हटलं. पण दाजी खालून बोलले, "राहू दे, तुला नाही जमायचं," आणि ताईचा जबडा घट्ट झाला. त्या बाईला नाही जमायचं म्हटलं की संपलं.

खांदा लावला. पिंप अर्ध्यापर्यंत आलं. माझे हात दोरीनं सोलले. ताईच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या, चपला फरशीवर सरकायला लागल्या. आणि मग दोरी माझ्या हातातून सुटली.

पिंप खाली आलं, झाकणाची कडी उडाली, आणि अख्खा ऐवज गॉगलच्या पांढऱ्या फरशीवर. डोकी, काटे, आंबलेला भात, शेवाळी रंगाचं पाणी. ताई बाजूला झाली म्हणून वाचली, पण कमरेखाली सगळी भरली. गॉगलनं गॉगल काढला. एक गिऱ्हाईक बाहेर पळालं ते परत आलंच नाही.

आणि दाजी? त्यांनी आधी आपले बूट बघितले. मग दोन पावलं मागे सरकून, अगदी मायेनं म्हणाले, "म्हणून म्हणतो, बास झालं आता. मी काय तुझ्या वाईटावर आहे का? ड्रायव्हर बघून ठेवलाय मी. आमच्या मालकांशीही बोललोय. सोमवारपासून गाडी दुकानाच्या गाद्या पोचवेल. गादी हलकी, उंचावर टाकायला काय लागतं? स्वच्छ काम. तू घरी बस, आराम कर."

म्हणजे बघा! उंची गाडीची वाढवायची होती ती ताईचा हात पोचू नये म्हणून. फाटकाचा खडक गेला खड्ड्यात. या माणसाला बायकोच्या कष्टाची गाडी पाहिजे, बायको नको. मी हौद्यातून खाली उडी मारली. मला इतकी शिसारी आली ना, पायाखालचं मासळीचं डोकं उचलून त्यांच्या इस्त्रीच्या खिशात घालावंसं वाटलं. मी वाकलेही होते.

"छोटे, झाडू माग," ताई म्हणाली.

आम्ही दोघींनी फरशी साफ केली. दोनदा धुतली. दाजी बाहेर उभे राहून फोनवर कुणाशी तरी हसत होते. निघताना ताई गॉगलला फक्त म्हणाली, "भाऊ, तुमच्या दुकानाची घाण झाली, माफ करा." बिचाऱ्यानं पाण्याची बाटली दिली तिला. नाक न दाबता.

फार्मच्या रस्त्याला लागलो. ताई रडत नव्हती, पण गिअर असे टाकत होती जशी कुणाची मान मुरगळतेय. मी म्हटलं, "तू घरी बसलीस तर मी पण घर सोडते. सांगून ठेवते."

"कुठं जाशील?"

"कुठंही. दाजींचं तोंड जिथं दिसत नाही तिथं."

"लांब जावं लागेल," ती म्हणाली आणि मला हसू आलं. तेवढ्यात उंचवटा आला. ताईनं सवयीनं डोळे मिटले.

आवाज आला नाही.

गाडी पार फाटकात पोचली तेव्हा तिनं ब्रेक मारला. "घासली?"

"नाही."

ताईनं गाडी मागे घेतली आणि परत चढवली. नाही घासली. तिसऱ्यांदा मला खाली उतरवलं, मी रस्त्यात पोटावर झोपून बघितलं. खडक आणि गाडीच्या मध्ये माझी बोटं जातील एवढी फट होती.

"आज काय वेगळं आहे?" ती विचारायला लागली. मग तिनंच मागे वळून हौद्याकडे बघितलं. एक पिंप रिकामं होतं. तेच, गॉगलच्या फरशीवर सांडलेलं.

फार्मवाले काका फाटक धरून आमचा तमाशा बघत होते. ते म्हणाले, "अगं, जाताना रिकामी असते तेव्हा तरी कुठं घासते?"

खरंच की! येताना आम्ही आवाजाच्या धाकानं गप्प असतो. जाताना पिंपं रिकामी, दोघी मोकळ्या, एकमेकींच्या वर आवाज चढवून गाणी म्हणत असतो. न घासल्याचा आवाज कुणाला येणार? गाडी बुटकी नव्हतीच. गाडी मऊ होती. वजन पडलं की मागून बसत होती, दाजींच्या गादीसारखी.

दुसऱ्या दिवशी फेरी संपवून ताई सरळ ट्रकवाल्यांच्या पाटेवाल्याकडे गेली. पत्र्याची शेड, कोळसा, घण. तिनं सांगितलं, "उंच करू नका. बसू देऊ नका." त्यानं मागच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घातला. गाडी नावाला उचलली गेली. ताईनं तिथंच फाळका पाडून फळी टेकवून बघितली. पहिल्यासारखी बसली. तिनं फळीवर हात फिरवला, जसा कुणी शाळेतून आलेल्या पोराच्या डोक्यावरून फिरवावा.

रात्री दाजी जेवायला बसल्या बसल्या म्हणाले, "गॉगलवाल्याला सोमवारी सकाळची वेळ दिलीये. आणि ड्रायव्हर येईल आठला."

"त्याला सांगा, जागा भरलेली आहे," ताई म्हणाली. "गाडीचं काम झालंय."

"काय झालंय? मला न विचारता? आणि गाद्यांचं काय? मी मालकांना शब्द दिलाय!"

"मग नेते की. पिंपांवर टाकून नेते."

मी पाणी पीत होते, ते नाकातून आलं. दाजी लालबुंद झाले. माझी लाज काढलीस, चार लोकांत तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस, तुला जन्मभर घाणच आवडणार, सगळं बोलून घेतलं. ताई ऐकत ऐकत त्यांच्याच ताटात भात वाढत होती. त्यांनी तो खाल्लाही. शेवटचं शीत सोडलं नाही. बोलणं वेगळं आणि भूक वेगळी.

सोमवारी सकाळी ड्रायव्हर आला नाही. आम्ही निघताना दाजी अंघोळीला गेलेले. ताई आत गेली आणि बाहेर आली ती त्यांची एकट्याची गादी गुंडाळून, खांद्यावर घेऊन. त्याच जाड खांद्यावर.

"हे काय?" मी विचारलं.

"चल, सांगते."

त्या दिवशी तिनं सगळी पिंपं घेतली, एक जास्तीचं पण. गादी त्यांच्यावर आडवी बांधली. उंचवटा आला. ताईनं डोळे उघडे ठेवले. गाडी चढली, डुलली, उतरली. काही नाही. फक्त झाकणांचा खडखडाट.

फार्मवर काकांची डुकरीण आदल्या दिवशीच व्यायली होती. दहा-बारा पिल्लं, गुलाबी, एकमेकांच्या अंगावर. खाली ओली फरशी. ताईनं गादी सोडली, आत पसरली, कोपरे नीट केले. डुकरिणीनं वास घेतला, दोन पावलं टाकली आणि धप्पकन अंग टाकलं. गादी छान दबली.

"दाजी विचारतील की," मी म्हटलं.

"सांगू. मालकांना शब्द दिला होता ना, एक पोचवली."

"आणि झोपतील कुठं?"

ताईनं पिंपाची कडी उघडली. "माझ्या शेजारी जागा आहे. नाहीतर फरशी आहे. चल, फळी लाव."