नुसता मेंबर

त्या सोमवारी आमच्या सांगलीच्या महाविद्यालयात परिपत्रक आलं: प्राध्यापकांनी व्हॉट्सॲप गट चालवू नयेत, पोर्टलवरच शिकवावं. कुंडल गावाहून येणाऱ्या मुलींच्या फोनवर पोर्टल उघडत नसे. वनस्पतिशास्त्राचे सर त्यांना गटावर धडे बोलून पाठवत, आधी खाकरत, शेवटी विचारत, "समजलं न्हवं?"

परिपत्रकावर सही करून सर ग्रंथालयात माझ्याकडे आले.

"आवं, तुमी ग्रंथपाल. तुमी कुठं प्राध्यापक हायसा? आजपासनं ॲडमिन तुमी, मी आपला नुसता मेंबर."

"प्राचार्यांनी विचारलं तर?"

"म्हणा, आमच्या लायब्ररीत पुस्तकं बोलत्यात."

धडे चालू राहिले. गेल्या वर्षी सर वारले. परीक्षा आली की मुली अजून ते धडे ऐकतात. ॲडमिन मीच आहे. सरांचा नंबर मी गटातून काढलेला नाही.