बांधावरचा मेस

आज सकाळी शेजारी मांडवासाठी कुणी हिरवा बांबू तोडला, आणि त्या ताज्या कापाचा ओलसर, किंचित गोडसर वास खिडकीतून आत आला. या वासानं माणसांना लग्नं आठवतात, पाळणे आठवतात. मला सूड आठवतो.

श्रीरामपूरच्या अलीकडं आमचं गाव. आमच्या आणि चुलत्यांच्या परसांमध्ये एक बांध, आणि अख्ख्या आळीत बांबूचं बेट एकच, चुलत्यांचं. वडील गेले तेव्हा तिरडीसाठी दोन बांबू मागायला मी स्वतः गेलो. बांधाच्या जुन्या भांडणानं चुलत्यांचं मन आंबलेलं होतं. ओसरीवरून न उठता ते म्हणाले, "बेट कवळं हाय. यंदा तोडायचं न्हाई." वडलांना आम्ही बाजेवरून नेलं. रस्ताभर बाज कुरकुरत होती आणि मी मनाशी ठरवत होतो, की आपणही बांबू लावायचा. एक ना एक दिवस त्यांच्या घरचं माणूस आपल्या दारात येईल, आणि त्याला हेच वाक्य, याच सुरात ऐकवायचं.

नेवाशाला प्रवरेकाठच्या एका म्हाताऱ्याकडं बांबूचे कंद मिळत. त्यानं विचारलं, "मांडवाला पायजे का टोपल्यांना?"

"सरळ पायजे. एका मानसाचं वजन पेलंल असा."

त्यानं माझ्याकडं जरा जपूनच पाहिलं, आणि काटेरी कळक बाजूला सारून मेसाचा कंद दिला. भरीव, सरळ, कमी पाण्यावर तगणारा. चुलत्यांना उठता-बसता दिसावा म्हणून मी तो नेमका बांधाला लागून लावला. सुडाची एवढी बारीक आखणी करणाऱ्या मला, पलीकडं त्यांची मोरी वाहते एवढं मात्र दिसलं नाही.

पुढच्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ. चुलत्यांचं बेट फुलोऱ्यावर येऊन वाळून गेलं, तेव्हा मी चोरून गूळ खाल्ला. माझा मेस तगला खरा, पण पाण्याच्या ओढीनं त्याचा प्रत्येक कोंब बांधापलीकडं फुटला. आणि पलीकडं उगवलं ते पलीकडच्याचं, हा आमच्याकडचा कायदा. माझ्या वाट्याला पाचोळा. चुलते बांधावरून म्हणायचे, "लेका, तुजा बांबू आमच्या मोरीवर लई खूश हाय. रोज आंघोळीला येतो." मी ओठ आवळून माझं वाक्य जपत राहिलो.

चार-पाच वर्षांनी चुलते गेले. मी धुतलेला सदरा घालून दारात उभा राहिलो, वाक्य तोंडात घोळवत. मागायला कुणी आलंच नाही. पलीकडून कोयत्याचे घाव तेवढे ऐकू आले. मग धाकटा चुलतभाऊ आला आणि म्हणाला, "दादा, खांद्याला तुमी फुडं व्हा." भावकीत याला नाही म्हणता येत नाही. मेस खरोखरच सरळ निघाला होता. जे वडलांना देता आलं नाही, ते मी माझ्या हातानं वाढवून चुलत्यांना दिलं.

वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा अजून तितकासा निवलेला नाही. तो धरायला समोर कुणी उरलेलं नाही, एवढंच.