काळा अंगठा

कोपर स्टेशनबाहेर बाबा सकाळी पेपरचं बंडल सोडतात, ताज्या शाईचा वास येतो आणि मला कॉलेजमधला तो मुलगा आठवतो. पश्चिम आफ्रिकेतल्या एका छोट्या देशातून तो ठाण्याला शिकायला आलेला. त्याची मोठी बहीण तिकडे सरकारविरुद्ध लिहिणारं एक लहानसं वर्तमानपत्र चालवायची आणि रोज छापखान्यात पहिला अंक हातात धरून त्याला फोटो पाठवायची. आम्ही कँटीनमध्ये असताना तो फोटो यायचा. शाईने काळा झालेला तिचा अंगठा त्यात हमखास दिसायचा. कँटीनवाले काका चिडवायचे, "काय रे, पडलं का तुझं सरकार?" तो हसून म्हणायचा, "अभी नहीं, काका. ताई लिख रही है." ताई हा शब्द आमच्याकडूनच शिकलेला. त्यांच्या निवडणुकीच्या आठवड्यात एकदा फोटो उशिरा आला. मी म्हटलं, "बघ, आला ना! उगाच घाबरत होतास." त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. पहिल्या पानावर राष्ट्राध्यक्ष हसत होते आणि अंक धरणारा अंगठा जाड, स्वच्छ, पुरुषाचा होता. फोटोखाली मेसेज होता, सगळं ठीक आहे. त्याने लगेच बहिणीला फोन लावला, स्पीकरवर. कोणीतरी उचलला. मागे छपाईचं मशीन चालू होतं, पण पलीकडचं माणूस नुसतं ऐकत राहिलं. तो दोन दिवसांत मायदेशी गेला आणि मग त्याचाही फोन लागेना. राजकारण मला आजही फारसं कळत नाही, पण बाबांनी पेपर पुढे केला की मी आधी त्यांचा अंगठा बघते, मग बातमी.