मिस्त्रींच्या जागी आलेला पेडलबोर्ड

दारव्ह्याच्या तहसील कचेरीसमोरील पत्र्याच्या शेडमध्ये माझे टेबल होते, आणि त्या उन्हाळ्यात त्या टेबलाखाली मी सोड्याच्या बाटल्यांची चार झाकणे एका ओळीत मांडून ठेवली होती. वर हात टंकलेखन यंत्रावर चालत. खाली उजवा पाय चपलेतून काढून मी एकेका झाकणावर टेकवीत असे. पहिले, दुसरे, तिसरे, पुन्हा पहिले. समोरच्या पक्षकारास वाटे, साहेबांच्या पायाला मुंग्या आल्या. खरे कारण असे की, बोरी अरबच्या सामुदायिक विवाह सोहळ्याला बारा दिवस उरले होते आणि तेथे मला प्रथमच गिटारीबरोबर एक यंत्र पायाने चालवायचे होते.

मी शिक्षणाने नववी. तथापि अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि निवेदन या तिन्ही प्रकारांत तालुक्यात माझ्या तोडीचा मजकूर लिहिणारा दुसरा नव्हता, हे मी नम्रतेने परंतु स्पष्टपणे नमूद करतो. कापसाची ती वाईट वर्षे होती. कचेरीचे दार उघडण्याआधीच माझ्यासमोर माणसे उभी असत. कितीही गर्दी असो, माझा एक नियम होता. ज्याचा कागद, त्याला तो पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचून दाखविल्याशिवाय मी सही किंवा अंगठा घेत नसे. ‘वाचून दाखविले, समजले, बरोबर आहे’ हे वाक्य पुष्कळ अर्जनवीस न वाचताच कागदाच्या तळाशी टंकतात. मी तसे केले नाही. एकदाच एक कागद माझ्या हातून न वाचता गेला, आणि तो माझा स्वतःचा होता.

आमचा चौघांचा गाण्याचा संच होता. गाणाऱ्या बाई एका आश्रमशाळेत शिक्षिका होत्या. तांड्यावर वाढलेल्या, आवाज मोकळा, माईक नसला तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. ढोलकीवाला बसस्टँडवर पानाचा ठेला चालवी. मी गिटार वाजवीत असे. ती साधी, पोकळ लाकडाची, वीज न लागणारी गिटार एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून मी विसाव्या वर्षी मिळविली होती. आणि चौथे मिस्त्री. जिपांच्या वायरिंगचे त्यांचे दुकान होते आणि ते बेस गिटार वाजवीत. बेस म्हणजे गाण्याचा खालचा, जाड सूर. तो चालू असतो तोवर कुणाच्या लक्षात येत नाही. चौदा वर्षे मंचावर ते माझ्या डाव्या हाताला उभे राहत आले होते.

त्या वर्षांत स्वतंत्र लग्ने कमी झाली. गावोगावी एकाच मांडवात पुष्कळ जोडपी उभी राहू लागली, आणि मांडव मोठा झाला तसा आमचा मंच लहान झाला. त्यातच माझ्या गिटारीचे दुखणे जुने. उघड्या मांडवात तिच्यासमोर माईक धरला की भोंग्यांचा आवाज तिच्या पोटात शिरे आणि ती शिटी मारू लागे. आवाज कमी करावा तर कुणाला ऐकू जात नसे. म्हणून मी अमरावतीच्या एका वादकाकडून त्याचा जुना डिजिटल पेडलबोर्ड घेतला. हातभर लांबीची काळी पेटी, तिच्यावर पायाने दाबायची चार बटणे, एक मोठे पेडल आणि लाल आकड्यांची एक लहान खिडकी. गिटारीच्या पोटात नव्याने बसविलेल्या पिकअपची, म्हणजे आवाज टिपणाऱ्या चकतीची, वायर या पेटीत जाते, तेथे आवाजावर संस्कार होतात आणि मग तो मिक्सरमधून, म्हणजे सगळे आवाज जुळविणाऱ्या यंत्रातून, भोंग्यांकडे जातो. प्रत्येक संस्काराला नंबर देऊन तो साठविता येतो. त्यास पॅच म्हणतात. कशात घुमारा, कशात मंदिरासारखी खोली, कशात शिटी दाबून टाकण्याची सोय.

माहितीपुस्तक इंग्रजीत होते. मी शब्दकोश घेऊन बसलो आणि त्याचा कलमवार मराठी तर्जुमा एका वहीत उतरविला. मग कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे, अर्जातील परिच्छेदांना द्यावेत तसे, पॅचना क्रमांक दिले. एक नंबर स्वागतगीत, दोन नंबर वरपूजन, असे पाच नंबर वरमालेपर्यंत. बटणे चारच असल्याने पाच नंबर क्रमाने चढत, चारवर पोचून चौथे बटण पुन्हा दाबले की येई. पत्नी दारातून पाहत होती.

“हातानं लिवून पोट नाई भरलं, आता पायानंबी अर्ज लिवता काय?” ती म्हणाली.

मी खाली पाहिले. पाय दोनवर पडण्याऐवजी तीनवर पडला होता.

पेटीबरोबर अडॅप्टर मिळाला नव्हता. तो मिस्त्रींनी बनवून दिला. त्यांच्या दुकानात, उघड्या बॉनेटसमोर स्टुलावर पेटी ठेवून आम्ही ती प्रथम चालू केली. एक नंबरच्या पॅचमध्ये मी ऑक्टेव्ह नावाचा संस्कार घातला होता. तुम्ही जो सूर छेडाल, त्याच्या खालचा जाड सूर यंत्र आपोआप जोडते. मी तार छेडली. दुकानाचा पत्रा थरथरला.

मिस्त्रींनी हातातली पक्कड खाली ठेवली.

“भाऊ, हे तं माह्यं काम करून राह्यलं.”

“छे, फक्त आधाराला,” मी म्हणालो.

“आधाराले नाई. वाजवा पाहू अजून.” मी वाजविले. ते मान वाकडी करून ऐकत राहिले. “उशिरा येते थोडं. नवी सून हाक ऐकून येते तसं. पण येते.” आणि हसले.

मी हसलो नाही, कारण त्याच सकाळी सोहळा समितीचे सेक्रेटरी माझ्या टेबलाशी येऊन गेले होते. मंचावर तीनच माणसे बसतील, जिपेत तिघांचीच जागा आहे, असे त्यांनी सांगितले होते. “तुमच्याजोळ ते मशीन हाय म्हंते ना? मंग चौथा कायले?” हे वाक्य मी खिशात घेऊन मिस्त्रींच्या दुकानात गेलो आणि तसेच खिशात घेऊन परत आलो.

असे चार दिवस गेले. बाजारात मिस्त्री दुरून दिसले की मी पलीकडच्या गल्लीने जाई. दुसऱ्याची गाऱ्हाणी कलेक्टरपर्यंत पोचविणारा मी. माझ्याच माणसाला एक वाक्य तोंडाने सांगता येईना. शेवटी मला जे येते ते मी केले. कोरा कागद यंत्रावर चढविला. ‘विषय : बोरी अरब येथील कार्यक्रमातील सहभागाबाबत.’ मजकूर असा की, उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, जागेच्या मर्यादेमुळे सदर कार्यक्रमापुरती आपली उपस्थिती आवश्यक राहणार नाही, तरी गैरसमज नसावा. मजकुरात एकही खोड नव्हती. दुपारी मिस्त्री जेवायला गेले असता मी तो कागद त्यांच्या दुकानाच्या शटरखालून आत सरकविला.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या शेडमध्ये आले. नेहमी येत तसे माझ्या बाजूला बाकावर बसले नाहीत. रांगेत उभे राहिले. पुढे दोन पक्षकार होते, त्यांचे होईपर्यंत थांबले आणि मग पक्षकाराच्या स्टुलावर बसून माझाच कागद माझ्यासमोर ठेवला.

“साहेब,” ते म्हणाले. चौदा वर्षांत त्यांनी मला भाऊ सोडून दुसरे काही म्हटले नव्हते. “एक कागद आला मले. उत्तर लिवाचं हाय.”

“मिस्त्री, ऐका...”

“लिवा ना. तुमी सगळ्यायचं लिवता.”

रांगेतला मागचा माणूस म्हणाला, “लवकर करा बाप्पा, तहसीलदार साहेब जेवाले जातीन.” मी कागद चढविला.

मिस्त्रींनी कचेरीच्या खिडकीकडे पाहत सांगितले आणि मी टंकले. ‘आपला कागद मिळाला. तक्रार नाही. मशीनची वायर पंख्याच्या वायरीजवळून नेऊ नये, घुरघुर येते. मांडवात जनरेटर राहील. जनरेटर दबला की मशीन बंद पडून पुन्हा चालू होईल, आणि चालू होताना एक नंबरवरच येईल, हे मी दुकानात पाहिले आहे. तुमच्या एक नंबरमध्ये जाड आवाज आहे. तो एकदम निघाला तर गिटार घुमेल. म्हणून एक नंबर साधा ठेवावा. एक सुटी वायर जवळ ठेवावी. फार झाले तर मशीन सोडून गिटार सरळ मिक्सरमध्ये घालावी.’

“झालं,” ते म्हणाले. “आता वाचून दाखवा. तुमचा नेम हाय ना?”

मी वाचू लागलो. ‘तक्रार नाही’ हे शब्द मी दोनदा वाचले. मग पुढे गेलो. वाचून झाले तेव्हा त्यांनी उर्दूत सही केली, कागद माझ्याच हातात दिला, आणि विचारले, “तो पयला कागद तुमी मले काहून नाई वाचून दाखवला, साहेब?”

मी यंत्रावर पुढचा कोरा कागद चढविला. ते उठून गेले.

मी एक नंबर साधा केला का? नाही. सगळा क्रम पत्रिकेनुसार बसला होता. एक काढला तर पाचही हलले असते, पाय पुन्हा शिकवावा लागला असता, आणि मधे पाचच दिवस होते. शिवाय ज्याने तो तर्जुमा स्वतः केला, त्याला एका वायरमनने शिकवावे, हेही मनात आले असेल. सुटी वायर मात्र मी पिशवीत टाकली.

सोहळ्याच्या दिवशी बोरी अरबच्या मांडवात सकाळीच ऊन पेटले होते. जनरेटर मांडवामागे धडधडत होता. माझे कान गाण्याकडे नव्हतेच. ते त्या धडधडीकडे होते. तिची लय जराशी मंदावली की माझ्या पायाला घाम येई. स्वागतगीत उत्तम झाले. एक नंबरचा जाड सूर मांडवभर पसरला. बाईंनी मात्र एकदा डावीकडे, मिस्त्री उभे राहत त्या जागेकडे पाहिले. तेथे पाण्याचा ड्रम होता.

वरमाला सुरू झाल्या. रांगेने उभी जोडपी, हातात हार, बाईंचे हळुवार गाणे आणि माझा पाच नंबर, ज्यात मी फक्त थोडा घुमारा ठेवला होता. त्याच वेळी स्वयंपाकाकडे कुणीतरी मोठा पंखा लावला. जनरेटर दबला. पायाशी लाल आकडा विझला, माझी गिटार मुकी झाली, आणि दोन-तीन श्वासांनी आकडा पुन्हा पेटला. एक.

हात चालूच होता. पहिल्याच फटक्याला भोंग्यांतून असा घुमारा आला की पुढच्या रांगेतील एका नवऱ्या मुलीच्या हातून हार सुटला. तो आवाज गिटारीच्या पोटात शिरला आणि दुप्पट होऊन बाहेर आला. मी दोन दाबले, तीन दाबले. मधल्या प्रत्येक नंबरचा वेगळाच आवाज निघत गेला, आणि चारवर पोचतो तोच जनरेटर पुन्हा दबला. पुन्हा एक.

“ओ गिटारवाले, बंद करा ते! बैल हंबरून राह्यला काय?” सेक्रेटरी मंचाखालून ओरडले. वऱ्हाडी हसले.

बाई गात होत्या. थांबल्या नाहीत. गाता गाताच माझ्याकडे वाकून कडव्यांच्या मधे म्हणाल्या, “दादा, मिस्त्रींनी काय सांगतलं होतं?”

म्हणजे मिस्त्रींनी त्यांनाही सांगून ठेवले होते. मी पेटीतून वायर उपटली, पिशवीतली सुटी वायर गिटारीला लावली आणि सरळ मिक्सरमध्ये घातली. उरलेला कार्यक्रम तसाच झाला. शिटी येऊ नये म्हणून आवाज इतका कमी ठेवावा लागला की मलाही नीट ऐकू येत नव्हता. ढोलकी आणि बाई यांच्यामध्ये एक पोकळी होती, आणि मी तारा छेडत होतो तरी ती भरत नव्हती. काळ्या पेटीवर एकचा लाल आकडा शेवटपर्यंत जळत होता. मी त्याच्याकडे पाहण्याचे टाळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये न जाता मी मिस्त्रींच्या दुकानात गेलो. ते जिपेखाली होते. फक्त पाय बाहेर दिसत होते.

“मिस्त्री.”

“अर्ज आणला काय?” जिपेखालून आवाज आला.

“नाही. तोंडाने सांगायला आलो.”

“सांगा.”

मी उभा राहिलो. विषय, संदर्भ, उपरोक्त, काहीच उपयोगी पडेना. “तुम्ही लिहिले तसेच झाले,” एवढेच म्हणालो. “चूक माझी. एक नंबर मी तसाच ठेवला.”

पाय हलले नाहीत. “वायर होती संगं?”

“होती.”

“मंग वाचले.” जरा वेळाने ते बाहेर सरकले, हात पुसले, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, “मशीन खराब नाई हाय. तिले घुमारा देऊ द्या. खालचा सूर तिच्याजोळ मागू नका.”

मी मान हलविली. मग खिशातला कागद काढला. तो त्यांच्यासाठी नव्हता. उमरखेडच्या एका समितीने आम्हाला बोलाविले होते, तेथेही तिघांनाच. मी उत्तर टंकून आणले होते आणि ते अजून पाठविले नव्हते. हा कार्यक्रम गेला तर त्या उन्हाळ्यात दुसरा नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

“तुमचेही नाव यात आहे,” मी म्हणालो, “म्हणून वाचून दाखवतो.”

ते टायरवर बसले. मी जिपेशेजारी उभा राहून मोठ्याने वाचले. ‘आमचा संच चौघांचा असून, चौघांसही मंचावर व वाहनात जागा असल्यास आम्ही येऊ, अन्यथा येणे शक्य होणार नाही, ही नम्र विनंती.’

मिस्त्रींनी कागदाकडे बोट केले.

“‘नम्र’ कायले टाकलं?” ते म्हणाले. “काढा ते.”

मी तेथेच पेनाने तो शब्द खोडला. माझ्या हातून बाहेर गेलेला खाडाखोड असलेला तो पहिला कागद. मग मी तो शेवटपर्यंत पुन्हा वाचून दाखविला, आणि ते म्हणाले, “समजलं. बरोबर हाय, भाऊ.”