रुमालाखालचा शेवटचा अंदाज

सकाळी दुकानाचं शटर वर करत होतो आणि हनीफचा फोन आला. त्याचं नाव दिसलं की मी ‘हॅलो’ कधी म्हटलं नाही, आमची सुरुवातच ठरलेली. म्हणालो, “बोल, किती?” पलीकडून त्याच्या अब्बांचा आवाज आला, “दिगंबर, हनीफ गेला रे…” अर्धं उघडलेलं शटर तसंच धरून मी उभा राहिलो. त्या ‘किती’ची लाज मला अजून वाटते.

हनीफ आणि मी जवळा बाजारच्या एकाच शाळेतले. पुढे मी औंढ्याला कॉम्प्युटरचं दुकान टाकलं आणि तो पुण्याच्या एका कंपनीत लागला. लॉकडाऊनमध्ये घरी आला तो परत गेलाच नाही, माडीवरच्या खोलीत दोन स्क्रीन लावून तिथूनच काम करायचा. त्याचं काम गावात कुणाला धड कळलं नाही. परदेशातली एक मोठी कंपनी कॉम्प्युटरचे प्रोसेसर बनवते. दर तीन महिन्यांच्या निकालात ती एकूण विक्रीची रक्कम जाहीर करते, पण नग किती विकले आणि एक नग सरासरी कितीला गेला, हे काही सांगत नाही, फक्त सरासरी किती टक्क्यांनी वाढली-घटली तेवढं सांगते. हे सगळं हनीफ निकालाआधीच अंदाजाने काढायचा. त्यासाठी दहा ठिकाणची माहिती गोळा करायचा आणि शेवटी मला फोन करून विचारायचा, कोणता प्रोसेसर गेला आणि कोणता पडून आहे. माझ्या टीचभर दुकानाने काय कळणार, असं म्हटलं की हसायचा, “शितावरून भाताची परीक्षा, दिगंबर. फक्त तू शीत इमानदारीनं दे.”

एकदा मी घोळ केला. कनेरगाव नाक्याच्या मेहुण्याच्या दुकानात पाठवलेले वीस नग मी विक्रीत धरले. हनीफच्या नजरेतून ते सुटलं नाही. गाडी काढून औंढ्याला आला आणि गिऱ्हाइकांसमोर माझी शाळा घेतली. माल या दुकानातून त्या दुकानात गेला म्हणजे विकला गेला नाही, कुणाच्या तरी घरी पोचून चालू झाला तरच विकला, हे त्याने मला तीनदा म्हणायला लावलं. सरासरीचंही त्यानेच शिकवलं. बाजारात स्वस्तातले गोऱ्हे विकलेच गेले नाहीत आणि भारी बैलांच्या दोनच जोड्या गेल्या, तर त्या दिवशीची सरासरी चढी दिसते, बाजार मात्र बसलेला असतो. म्हणून नुसत्या सरासरीवर भुलायचं नाही, आत काय पडून राहिलंय ते विचारायचं.

बैलांचा दाखला यायचाच, कारण त्याचे अब्बा, म्हणजे आमचे चाचा, जन्मभर बैलबाजारात दलाल होते. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून सौदा करायचा, भोवतालच्यांना भाव कळू द्यायचा नाही, ही त्यांची रीत. लहानपणी आम्हा दोघांना त्यांनी ती शिकवली. म्हणायचे, “आकडा बोटं सांगतात, पोरांनो, पण माणसाची गरज हात सांगतो. नुसती बोटं मोजू नका.”

हीच रीत हनीफने आपल्या कामाला लावली. अंदाज आधी कुणाला सांगायचा नाही, असा त्याच्या कंपनीचा नियम होता. निकालाच्या आधी तो माझ्या दुकानात यायचा, काउंटरवर चाचांचा जुना चौकड्याचा रुमाल टाकायचा आणि त्याखाली माझा हात धरायचा. अंगठा दाबला की सरासरी किंमत वाढणार, करंगळी दाबली की घटणार, मग धरील तितकी बोटं तितके टक्के. तोंडातून आकडा काढायचा नाही असा नियम आहे, हातातून काढू नये असं कुठे लिहिलंय, असा त्याचा युक्तिवाद. निकाल लागला की फोन करायचा, मी “किती?” विचारायचो. त्याचा अंदाज बरोबर निघाला तर चहा मी पाजायचा, चुकला तर त्याने. मला वाटतं, मीच जास्त पाजले.

शेवटचा आला तेव्हाही रुमाल टाकला. अंगठा दाबला, मग चार बोटं धरली. पकड सैल होती म्हणून पुन्हा धरली. हात थंडगार लागला. मी विचारलं, “काहून रे, एवढा गार?”

“एसीच्या गाडीतून आलो ना.”

“आन् तब्येत?”

“एकंदरीत बरी हाय.”

एकंदरीत! ज्या माणसाने मला एकूण आकड्यावर विश्वास ठेवू नको म्हणून वर्षानुवर्षं बजावलं, त्याने मला एकूण आकडा दिला आणि मी तो घेतला. आत काय पडून राहिलंय, ते विचारलं नाही. त्या दिवशी तो नांदेडहून दवाखान्यातूनच परत येत होता. किडन्या निकामी होत आल्या होत्या आणि फक्त त्याच्या बायकोला, आमच्या भाभींना ठाऊक होतं, त्यांनाही शपथ घातलेली. मी बोटं मोजली, चहा पाजला आणि त्याला जाऊ दिलं… यासाठी मी स्वतःला माफ करू शकलेलो नाही.

तो गेल्यावर आठ दिवसांनी निकाल लागला. सरासरी चार टक्क्यांनी वाढली होती.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर जवळ्याला गेलो. चाचा माडीवर त्याच्या खोलीतच बसले होते. दोन्ही स्क्रीन बंद, कीबोर्डवर तो रुमाल घडी करून ठेवलेला. चाचांनी तो उचलला, गुडघ्यावर पसरला आणि खालून हात पुढे केला. म्हणाले, “शेवटचं काय सांगितलं होतं त्यानं, सांग.”

मी अंगठा दाबला, मग चार बोटं धरली.

“बराबर निघालं?”

“बराबर निघालं, चाचा.”

त्यांनी मान हलवली. मग खूप हळू विचारलं, “हात कसा लागला होता?”

हे विचारतील असं मला वाटलं नव्हतं. खोटं बोलता आलं नाही. “गार होता, चाचा. पकड बी न्हवती.”

ते खिडकीकडे बघत म्हणाले, “जायच्या आधी सहा महिने माझ्या हातात त्यानं हात दिला न्हाई. ईदला बी नुसता गळ्यात पडला, हात मागं ठेवून. मी म्हणलो, पोरगं कामात हाय… मला कळलं असतं ना, म्हणून दिला न्हाई. तुला दिला.”

भाभी चहा ठेवून गेल्या. चहावर साय धरली तरी चाचांनी रुमालाखालचा माझा हात सोडला नव्हता.