मोठीमायचा आवाज

माझी बहीण माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आपणहून ती फार थोडं बोलायची, पण ऐकलेलं वाक्य चार-चार दिवसांनी, ज्याचं त्याच्याच आवाजात परत करायची. एसटीचा कंडक्टर, भाजीवाली, बाबा, सगळे तिच्या तोंडून ऐकू यायचे. सावली तालुक्यातल्या आमच्या गावात तिला येडी म्हणत. आज डॉक्टरांकडे याला नाव आहे. नव्वदच्या दशकात आमच्याकडे तो एकच शब्द होता.

चुलतबहिणीच्या साक्षगंधाला पाहुणे यायच्या आधी मोठीमायनं, म्हणजे माझ्या थोरल्या काकूनं, तिला घरामागच्या, गुरांच्या तणसाच्या खोलीत कोंडलं. "चिमूरवाल्यायनं हिले पाह्यलं त सोयरीक मोडन," ती आईला म्हणाली. आई पाहुण्यांचे कप पुसत राहिली. बहीण दुपारभर दार बडवत होती. पाहुणे गेल्यावर मी कडी काढली, तर तिच्या हातांची सालटी निघाली होती. मी चौदा वर्षांची होते. मोठीमायला सोडायचं नाही, हे तेव्हाच ठरवलं.

लग्न पार पडलं. मग मी रोज बहिणीला मोठीमायजवळ बसवायचे आणि विचारायचे, "विहीणबाई कशा आहेत?" तेवढं विचारलं की मोठीमायचं तोंड सुटायचं.

दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली, तेव्हा विहीण सुनेला घेऊन आली. तुमच्यासारखी सासू नशिबानं मिळते, असं म्हणत मोठीमाय तिला वाढत होती. मी बहिणीला हाताला धरून समोर बसवलं आणि तोच प्रश्न विचारला.

बहीण मोठीमायच्या आवाजात म्हणाली, "विहीण कायची, घूस आहे घूस. घर पोखरून खाईन. पोरगी खपली आमची, आता मले का करायचं."

"येडी आहे जी ते," मोठीमाय कशीबशी म्हणाली.

विहिणीनं ताट सरकवलं. "येडी असन. पण आवाज तिचा नाई."

दुपारच्याच एसटीनं ती सुनेला घेऊन परत गेली. बाबांनी मला मारलं. मी रडले नाही. मला मोठीमायचा पडलेला चेहरा दिसत होता आणि गोड वाटत होतं.

चुलतबहिणीला दोन वर्षं माहेरी पाठवलं नाही. तुझं भांडण आईशी होतं, मला काऊन भरडलंस, असं तिनं पत्रातून विचारलं. तिची मी माफी मागितली. मोठीमायची कधीच नाही. उलट दर आठवड्याला बहिणीला घेऊन तिच्याकडे जायचे. बहीण समोर असली की मोठीमाय घशातल्या घशात बोलायची, शब्द मोजून. ते पाहायलाच मी जायचे.

एकदा बहीण आमच्या उंबऱ्यावरच थांबली. "मी नाई येत," म्हणाली. कोणाचीही नक्कल नव्हती ती. मी पुष्कळ ओढलं, ती हलली नाही.

मग एकटीच गेले. माझ्या मागे कोणी नाही हे मोठीमायनं दोनदा पाहिलं आणि मोकळ्या गळ्यानं बोलू लागली. मी तिचा चहा न पिता उठले.